सोवळा किडा

श्रावण शु. ५, शके १८०९

दादाच्या रेशमी मुकट्याला भोकं पडली! एखाददुसरं नाही — चाळणच. पूजेला नेसायला उलगडला तर पलीकडची समई दिसली. कोर्टात दादाचा, म्हणजे त्र्यंबकराव वकिलांचा, आवाज दोन खोल्यांपलीकडे जात नाही म्हणतात. आज पारनाक्यापर्यंत गेला असेल.

मुकट्याच्या घडीत एक किडा निघाला. तांदळाच्या कणीएवढा, तपकिरी, अंगभर केस, मागे केसांचा झुबका. वहिनी म्हणाली, चिरडून टाका. आज नागपंचमी, चिरायचं नाही, कापायचं नाही, जीव मारायचा नाही. विळी भिंतीला टेकवून ठेवायची आणि किडा मात्र चिरडायचा, असं शास्त्र वहिनीचंच. मी काडीने उचलून गुलाबपाण्याच्या रिकाम्या बाटलीत टाकला. उद्या मारू.

श्रावण शु. ६

मारला नाही. बसला आहे बाटलीत. त्याला कुठे जायची घाई नाही, मलाही नाही.

श्रावण शु. ९

वहिनीचा लग्नातला शालू गेला. दादाचा शेला गेला. माझ्या सोवळ्याच्या लोकरी धाबळीला काठाशी एकच भोक, तेवढ्यावर निभावलं. माझी एकुलती एक धाबळी. ती गेली तर पावसाळाभर ओलेत्याने स्वयंपाक करायचा आणि खोकत बसायचं. अकराव्या वर्षी कुंकू गेलं, मग केस गेले. सोवळं तेवढं राहिलं. आणि ते माझ्याइतकं कडक या कल्याणात कुणाचं नाही, हे भटजीही कबूल करतो.

किडा कोणता, यावर घरात ज्याचं त्याचं मत. वहिनी म्हणते करणी आहे, शेजारणीने केली. दादा म्हणतो वाळवी. वाळवी! वकिलाने वाळवी पाहिली नाही असं कसं होईल, त्याची अर्धी कज्जेदलाली जुन्या घरांवरच चालते. मला वाटलं कसर. कडुनिंबाचा पाला घातला, कापूर घातला. काही उपयोग नाही. शिवाय कसर चांदीसारखी चकाकते आणि धरायला गेलं की पळते, हा आपला केसाळ आणि ढिम्म. म्हणजे मीही चुकले. पण मी चुकले ते निदान बघून चुकले.

सून उत्तरा एकटीच म्हणाली की आमच्या शहाडला असला किडा पाहिला नाही, म्हणून मला नाव ठाऊक नाही. चैत्रात आली ही पोर या घरात. ठाऊक नाही म्हणणारं या घरातलं हे पहिलं माणूस.

श्रावण शु. १२

हरिहर मुंबईहून आला. दादाचा एकुलता एक, उत्तराचा नवरा, कॉलेजात शिकतो. बाटली उजेडात धरली, मान तिरपी केली आणि म्हणाला, "आत्या, ह्याला मॉथ म्हणतात." बरं, मग? मग काही नाही. इंग्रजी नाव ठेवलं म्हणजे किडा शरमून जातो असा त्याचा समज असावा. मी विचारलं, मॉथ म्हणजे दिव्यावर येतं ते पाखरूच ना? म्हणाला, हो, तेच. ह्याला पंख कुठे आहेत रे? त्यावर म्हणे प्रोफेसरांना विचारतो.

गेल्या महिन्यात याने कुठल्याशा सभेत स्त्रीशिक्षणावर व्याख्यान दिलं. घरात बायकोशी बापासमोर बोलायची छाती नाही.

दादा सारखा मांड्या खाजवतो. वैद्य म्हणाला, पित्त. गेली दोन वर्षं पित्तच चाललं आहे.

श्रावण व. २

काल सोमवारचं ब्राह्मणभोजन. अर्धा पारनाका जेवून गेला. पुरणपोळ्या करून खांदे भरून आलेत.

आज भटजी विड्याला आला आणि दादाने त्याच्यापुढे सगळी वस्त्रं मांडली. भटजीने हात लावला नाही. डोळे मिटले. मग विचारलं, सुती कपड्यांना भोकं आहेत का? नाहीत. वह्यांना, दप्तराला? नाहीत. "म्हणजे फक्त सोवळ्याच्या वस्त्रांना," भटजी म्हणाला, "वकीलसाहेब, हा किडा नव्हे. ही खूण आहे. सोवळ्याच्या दांडीला कुणीतरी विटाळशी शिवली आहे."

वहिनीने लगेच उत्तराकडे पाहिलं. दादानेही. घरात नवी कोण आली, हे विचारायलासुद्धा कुणी थांबलं नाही. पोरीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

ती दांडी माजघरात देवघराच्या तोंडाशी आहे. पुरुषभर उंचीच्याही वर. कपडा काठीने चढवायचा, काठीने उतरवायचा. माझ्या नजरेखालून कोण तिथे जाणार? हे भटजीने माझ्यावरच शिंतोडे उडवले आहेत, आणि माझ्याच हातच्या पोळ्या पचायच्या आत.

श्रावण व. ४

दादाने ठरवलं की उत्तराला माहेरी पाठवायचं. "काही दिवस." काही दिवस म्हणजे काय ते मला शिकवायला नको. ठाण्याचे एक बडे पेन्शनर आषाढात इथे चहा पिऊन गेले, त्यांची मुलगी उजवायची आहे. हरिहरला दुसरी करून आणायची आणि पहिली शहाडला उल्हासच्या काठी धुणी धूत बसायची. नवरा असून माझ्यासारखी. या घरात एकीचं झालं तेवढं पुरे की.

मी दादाला म्हटलं, आधी किडा कोण ते कळू दे. म्हणाला, "गोदे, तू तुझी चूल सांभाळ."

सांभाळते. दादा कोर्टात गेल्यावर त्याचं भिंग घेतलं. बाटलीत एक सुती चिंधी, एक कागदाचा तुकडा, धाबळीचा दोरा आणि शालूतला रेशमी धागा टाकला. आणखी चार किडे सापडले तेही सोडले. तोंडाला कागद बांधून सुईने भोकं पाडली. आता काय खातो ते त्यालाच सांगू दे. भटजीसारखे डोळे मिटून मला काही दिसत नाही.

श्रावण व. ११

खाल्लं! लोकर कुरतडली, रेशीम कुरतडलं. सुती चिंधी जशीच्या तशी, कागदही तसाच. भटजी म्हणाला तेच झालं, आणि बाटलीला तर कुठलीही विटाळशी शिवलेली नाही.

मग सुचलं म्हणून कावळ्याचं पीस टाकलं. तेही खाल्लं. केस खाईल का बघावं, पण माझ्या डोक्यावर कुठले? उत्तराला म्हटलं, फणीतले चार दे. तिने गुंतवळ जमिनीवर ठेवलं, मी काडीने उचललं. ती म्हणाली, "आत्याबाई, मी गेले तरी ह्याला घालायला केस राहतील, मी थोडे बांधून ठेवते." असं बोलून ती भांडी घासायला गेली. मी उगाच तांदूळ दोनदा निवडले.

भाद्रपद शु. १

केसही खाल्ले.

भाद्रपद शु. ८

गौरी आल्या. उत्तराचं इथलं पहिलं वर्ष, गौर तिने आणायची. वहिनीने शेजारच्या मुलीच्या हातून आणवली. मी विधवा म्हणून कडेला, ती संशयित म्हणून कडेला. दोघी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो, मी आतून आणि ती बाहेरून.

शहाडला निरोप गेला. तिचे वडील महिपतराव व. पंचमीला, आमच्या वडिलांच्या, तात्यांच्या महालय श्राद्धाच्या दिवशी, घ्यायला येणार. दादाला दिवससुद्धा तोच सापडला. पानं मांडलेली असतील, ब्राह्मण बसलेले असतील, त्यांच्यादेखत पोरगी जायची.

हरिहर आला होता. प्रोफेसरांना विचारायचं राहिलं म्हणाला. बायकोचं विचारलं तर म्हणे, बाबांपुढे काय बोलणार, आत्या? सभेत कुणापुढे बोलतोस रे मग? कुणीच नसेल बसत.

भाद्रपद शु. १३

आज बाटलीत गंमत. एक अळी दोन दिवस निपचित होती, मेली वाटलं. आज तिची साल पाठीवर उकलली आणि आतून तिळाएवढा गोल किडा बाहेर आला. पाठ टणक, त्यावर पांढरी-तांबूस नक्षी, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. हे किडे तर मी देवघराच्या खिडकीत रोज झाडते! आजवर फुलांतून येतात वाटायचं. म्हणजे केसाळ तोही हाच आणि गोल तोही हाच. मॉथ म्हणे!

आता बसून नीट विचार केला. हा लोकर खातो, रेशीम खातो, पीस खातो, केस खातो. जे जनावराच्या अंगावर वाढलं ते खातो, जे जमिनीतून उगवलं त्याला तोंड लावत नाही. आणि आमच्या शास्त्राने सोवळं तरी कशाला म्हटलंय? रेशीम, लोकर. कापूस मेला सदाचा ओवळा. किड्याची आणि भटजीची यादी एकच! असा कर्मठ किडा आजवर झाला नसेल. त्यात शिवाशिवीचा संबंधच येत नाही, त्याचं ते जेवण आहे.

मग जनावराच्या अंगावरचं या घरात सगळ्यात मोठं काय आहे? उद्या दादा बाहेर पडला की बघते. आत्ताच बघितलं असतं, पण तो त्यावरच बसला आहे.

भाद्रपद शु. १४

मृगाजिन! दादाचं लाडकं मृगाजिन. त्याच्या गुरूंनी, बुवांनी दिलेलं. दोन वर्षं देवघराच्या तोंडाशी पाटावर पसरलेलं आहे, बरोबर सोवळ्याच्या दांडीखाली. दुसऱ्याने शिवायचं नाही, म्हणून झाडायचं नाही, उन्हाला टाकायचं नाही. नित्यशुद्ध ना ते!

काठीने एक कोपरा उचलला. खाली अळ्यांचा नुसता कोंडा सांडलेला. जिवंत, मेलेल्या, सोडून दिलेल्या साली. हरणाचे केस चिमटीने उपटावे तसे हाताशी येत होते. यावर हा रोज उघड्या मांड्यांनी बसतो आणि वैद्याच्या पुड्या खातो. दोन वर्षांचं पित्त! स्वतःच्या बुडाखाली काय जळतंय ते कळत नाही आणि सुनेच्या पदराला आग शोधतोय.

दादा आल्यावर भिंग हातात दिलं, कोपरा उचलून दाखवला. त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मांडी खाजवली. मग कोपरा खाली सोडला आणि म्हणाला, "बुवांचा प्रसाद आहे. त्यात कीड पडत नाही. हे पुन्हा बोलू नकोस."

पाहून म्हणाला! न पाहता म्हणाला असता तर मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. त्याला किडा दिसला, आणि ठाण्याची सोयरीकही दिसत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर ती अशी, चोराला ओळखून.

मी उद्यापासून ताटात ताकसुद्धा चांगलं वाढणार नाही त्याला.

भाद्रपद व. १

तीन वेळा चूल फुंकली, तीन वेळा डोळ्यांत धूर गेला. पोर कपड्यांची घडी करतेय. बोचकं केवढंसं.

भाद्रपद व. ३

आज मी चूल पेटवली नाही.

धाबळी काठीने खाली काढली आणि ओसरीवर दादापुढे नेऊन ठेवली. भटजी महालयाचं सामान सांगायला आलेला, तोही बसला होता. बरंच झालं. मी म्हटलं, परवा तात्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक माझ्याच्याने होणार नाही. दादा म्हणाला, बरं नाही का? बरी आहे म्हटलं. मग जे बोलले ते असं:

"पोरीने सोवळ्याची दांडी विटाळली असं तुमचं दोघांचं म्हणणं. ही धाबळी त्याच दांडीवरची. मग ही विटाळलेली. हिच्यात मी श्रावणभर रांधलं. सोमवारी अर्धा पारनाका जेवला, भटजी, तुम्ही पोळ्या तीनदा मागून घेतल्यात. तेव्हा आधी घरोघर जाऊन सांगा, की त्र्यंबकरावांकडे विटाळाचं जेवलात, पंचगव्य घ्या, जानवी बदला. सगळ्यांची प्रायश्चित्तं झाली की मी चूल पेटवते."

दादा एरवी दोन्ही पक्षांचं बोलतो, आज एकाही पक्षाचं बोलेना. भटजीच्या हातातलं पान तसंच राहिलं. मला वाटतं तो जेवलेल्यांची नावं आठवत असावा. त्यात मामलेदार होते.

शेवटी भटजीनेच घसा खाकरला. तो किडा जरा दाखवता का, म्हणाला. इतके दिवस बाटली फडताळात होती, एकाने विचारलं नाही! मी आणून दिली. भटजीने या खेपेला डोळे मिटले नाहीत. चांगले वटारून पाहिलं आणि म्हणाला, "हा तर किडाच आहे." वस्तूला कीड लागणं हा वस्तूचा धर्म, त्याला दोष नाही, असं वचनही त्याला तिथल्या तिथे आठवलं. पोथीत आज नवीन उगवलं असावं.

मग किडा निघाला त्या मृगाजिनाचं काय, मी विचारलं. ते जीर्ण झालं, म्हणे, त्याचं विसर्जन करायला शास्त्राची हरकत नाही. दादा उठून आत गेला. जाताना पुन्हा खाजवलं.

भाद्रपद व. ५

महालय पार पडला. मृगाजिन काल दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीला गेलं. बुवांचा प्रसाद मासे खातील. माजघर झाडून पुसून कपडे उन्हात घातले.

महिपतराव आले. बिचाऱ्यांनी बैलगाडीत अंथरूण घालून आणलं होतं, पोरीला बसायला. दादा त्यांना म्हणाला, गैरसमज झाला, उत्तरा इथेच राहील. आणि मग जेवताना ब्राह्मणांना सांगितलं काय, तर "मी भिंगातून बारकाईने पाहिलं आणि माझ्या ध्यानात आलं की हा किडा आहे." मी वाढत होते. भाजी जरा जोरात वाढली गेली.

महिपतराव निघताना दारात थांबले. माझ्याकडे बघायचं नसतं म्हणून उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "बाई, रिकामी गाडी नेताना इतकं बरं मला कधी वाटलं नाही." मलाही बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

भाद्रपद व. ८

उत्तरा दुपारी विहिरीवर मागे मागे आली. म्हणाली, आत्याबाई, तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत, तुमच्याशी खोटं राहवत नाही. मला वाटलं काहीतरी डाळ करपली असेल.

"मी शिवले होते," म्हणाली.

आषाढात. ती बाहेरची होती, मागच्या पडवीत बसलेली. वारा सुटला आणि माजघरात माझी धाबळी दांडीवरून घसरून जमिनीवर पडली, ती तिला दारातून दिसली. पागोळी त्याच दारातून आत येत होती, धाबळीकडे ओघळ निघालेला. मी आंघोळीला गेलेले, वहिनी देवळात. "तुम्हाला दुसरी नाही. ओली झाली असती तर तुम्ही ओलेत्याने राहिला असतात. खोकला होता तुम्हाला." म्हणून हातांनी उचलली, झटकली, काठीने परत चढवली आणि पुन्हा जाऊन कोपऱ्यात बसली.

कळशी अर्धी भरलेली तशीच उचलून आले.

म्हणजे ओसरीवर मी दादाला कोंडीत धरायला जे बोलले ते अक्षर न् अक्षर खरं होतं. त्याच धाबळीत श्रावण गेला. नैवेद्य गेले. तात्यांचं पिंडाचं अन्नही त्याच धाबळीत शिजलं. कल्याणात माझ्याइतकं कडक कुणाचं नाही! आषाढापासून माझं सोवळं म्हणजे नुसती लोकर.

भाद्रपद व. ९

लिहवत नाही. तिच्याशीही बोलले नाही.

भाद्रपद व. ११

धाबळी उन्हात उलगडून पुन्हा पाहिली. काठाशी तेच एक भोक. दादाच्या मुकट्याला कुणी शिवलं नव्हतं, त्याची चाळण झाली. हिला शिवली ती पोर, आणि हीच वाचली. किड्याला काही ठाऊक नव्हतं. देवाला ठाऊक असेल तर तोही आषाढापासून गप्प आहे, आणि नैवेद्य रोज घेतो आहे.

तिला सांगायला हवं होतं मी, की बरं केलंस. सांगितलं नाही.

भाद्रपद व. ३०

उद्या घट बसायचे. उत्तरा बाहेरची म्हणून पडवीत दूर बसली आहे. बाटलीत आज दुसऱ्या अळीची साल उकलायला लागली. मी बाटली आणि भिंग घेऊन पडवीत गेले, म्हटलं, सरक. भिंग एकच, म्हणून डोक्याला डोकं लावून बघावं लागलं. तिचे केस माझ्या कपाळाला लागत होते. गोल किडा पुरता बाहेर येईपर्यंत दोघी तशाच बसलो.

मग आत आले. आंघोळ केली नाही. धाबळी नेसले आणि चूल पेटवली.